दहा वाजेपर्यंत हरकत नसल्यास

आमच्या गावातली माणसं मुंबईला जातात ती दवाखान्यासाठी, लग्नासाठी, नाहीतर कुणाच्या तरी बाराव्याला. मी गेले ते एक वाक्य घेऊन. वाक्य काही फार मोठं नव्हतं. ऑनलाइन अर्जाची मुदत चालू असताना एखाद्या भागातलं नेट बंद पडलं, तर जितके दिवस बंद तितके दिवस त्या भागाला मुदत वाढवून मिळावी. बस्स, एवढंच. हे कुठेतरी कागदावर यावं आणि तो कागद कुणीतरी मोठ्या माणसाने वाचावा, ह्यासाठी मी पाच दिवस केंद्राला कुलूप लावलं.

केंद्र म्हणजे माझं अर्ज भरून द्यायचं दुकान, दोडामार्गच्या अलीकडे, तिठ्यावर. रेशन, पेन्शन, दाखले, प्रवेश, सगळं भरून देते. गेल्या वर्षी शेजारची दीक्षा नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला आली. त्या दिवशी माझ्याकडे पेन्शनवाल्यांची रांग लागली होती. मी तिला म्हटलं, "उद्या सकाळी ये गो, निवांत भरू." संध्याकाळी रस्ता खोदताना केबल तुटली. उद्या नेट नव्हतं, परवा नव्हतं, पाच दिवस नव्हतं. आलं तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. दीक्षा आता काजूच्या फॅक्टरीत काजू सोलते. रोज संध्याकाळी सहाला हात काळे करून माझ्या दुकानावरून घरी जाते.

म्हणून दादरला इंटरनेटचा कारभार आणि डिजिटल मुत्सद्देगिरी असं काहीतरी पाच दिवसांचं शिबिर आहे, शेवटी सगळे मिळून एक मसुदा करणार आणि तो दिल्लीतल्या चर्चेला जाणार, असं कळल्यावर मी अर्ज केला. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा माझे यजमान म्हणाले, "मुत्सद्देगिरी? तू?" मी उत्तर दिलं नाही. दोन दिवस दिलं नाही.

लालबाग, सोमवार

माझी नणंद, बेबीवन्सं, लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान गिरणीत होते. गिरणी गेली, मग तेही गेले, वन्सं मात्र खोली धरून बसल्या आहेत. चाळीस वर्षं मुंबईत काढून त्यांची मालवणी अजून आमच्यापेक्षा कडक आहे.

"इलंस? पाय धू आधी," त्या म्हणाल्या. "आणि माका सांग, ह्या कसला शिबिर? डोळ्यांचा?"

"नाही हो वन्सं. इंटरनेट कोण चालवतं, देश एकमेकांशी त्याबद्दल कसे बोलतात, ते शिकवणार आहेत."

"आणि तू देशांशी बोलतलंस?" वन्सं पोट धरून हसायला लागल्या. "घोवाशी धड बोलणस नाय, देशांशी काय बोलतलंस!"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मला राग आला की मी भांडत नाही, गप्प होते. सासूबाईंशी मी एकदा नऊ दिवस बोलले नव्हते, कारण काय होतं ते आता दोघींनाही आठवत नाही. आमच्या घरात मी गप्प झाले की ते 'नाही' आहे, हे मांजरालाही कळतं. गावातही तीच रीत. देवळात बैठक बसली आणि एखाद्या घरचा माणूस मान खाली घालून गप्प बसला, तर बैठक चालवणारा गावकर तिथेच थांबतो. "तुझा काय ता सांग," असं त्याला तीनतीनदा विचारतो. तो तोंड उघडेपर्यंत निर्णयाचा नारळ फुटत नाही. कधीकधी संध्याकाळ होते.

वन्संनी सकाळीच कुळथाची पिठी आणि सुके बांगडे वाढले. जेवताना मी तीनदा उठले, एकदा पाण्यासाठी, एकदा घड्याळ बघायला आणि एकदा उगाचच. "बूड टेक गो जरा," वन्सं म्हणाल्या. पण मला टेकवत नव्हतं. अकराचं शिबिर आणि मी साडेनवालाच जिना उतरले.

दादर, सोमवार आणि मंगळवार

शिबिराचा हॉल तिसऱ्या मजल्यावर. आत एवढा गारठा की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि तरी दात वाजत होते. आम्ही तीसेक जण होतो. वकील होते, संस्थांची मुलं होती, परदेशी वकिलातीत काम करणाऱ्या दोन टापटीप बायका होत्या. प्रत्येकाने आपली ओळख करून दिली. बहुतेकांनी आपण कुठल्या कुठल्या देशात जाऊन आलो ते सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी शुभांगी. मी फॉर्म भरते." हॉल हसला. मी विनोद केला नव्हता.

शिकवायला देवयानी मॅडम होत्या. पांढरे कापलेले केस, खादीची साडी आणि पायात धावायचे बूट. मराठी अगदी पुणेरी, तासलेलं. वीस वर्षं त्या असल्या बैठकांना देशोदेशी जात होत्या. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की इंटरनेटला मालक नाही. सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ आणि तुमच्याआमच्यासारखे वापरणारे, सगळ्यांनी एका टेबलाशी बसून ठरवायचं, आणि शक्यतो मतदान न घेता ठरवायचं.

"मतदान नाही तर मग कळणार कसं?" मंगळवारी मी उठून विचारलं.

तेव्हा त्यांनी मला ह्या प्रवासातली सगळ्यात नवलाची गोष्ट सांगितली. इंटरनेटचे नियम बसवणारे इंजिनिअर, म्हणे, सहमती अजमावायला गुणगुणतात. अध्यक्ष विचारतो, ज्यांना हे पटतंय त्यांनी गुणगुणा. सगळे तोंड मिटून हुं करतात. मग ज्यांना पटत नाही ते करतात. कुणाचा आवाज दांडगा, ते अध्यक्ष कानाने ठरवतो. हात वर करायचा नाही, म्हणून कुणी कुणाचं तोंड बघून मत देत नाही.

"चला, करून बघू," मॅडम म्हणाल्या. "कुणाकडे प्रस्ताव आहे?"

मी उभीच होते, खुर्चीत मन लागत नव्हतं म्हणून. माझं वाक्य वाचून टाकलं. मॅडमनी डोळे मिटायला सांगितलं. मग एक जाड आवाज सुरू झाला, त्यात दुसरा मिसळला, मग खिडकीकडच्या पोरांचा, आणि बघता बघता सगळा हॉल घुमायला लागला, भजनाच्या आधी पेटीवर सूर धरतात तसा. माझ्या अंगावर काटा आला. विरुद्ध बाजूच्या वेळी दोन-तीनच बारीक हुंकार आले. माझं वाक्य मसुद्यात गेलं.

संध्याकाळी मी वन्संना सगळं रंगवून सांगितलं. त्या चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढून, वळल्या. "पाच दिस नुसता हुं हुं करूक इलंस? ता आमची म्हस पण करता." पण मी इतकी खुशीत होते की मला राग आला नाही.

वरळी, बुधवार

बुधवारी मॅडमनी आम्हाला बसमध्ये घालून वरळी कोळीवाड्यात नेलं. इंटरनेट वर आकाशात असतं असं लोकांना वाटतं, ते खरं तर समुद्राच्या तळाशी केबलमधून येतं, हे समुद्रासमोर उभं करून सांगायचं होतं. मी ते आधी ऐकलं होतं, तरी तो राखाडी समुद्र बघून बोटं मोडावीशी वाटली. एवढ्या लांबून, एवढ्या पाण्याखालून जगभरच्या बातम्या न तुटता येतात, आणि आमच्या तिठ्यावर एक जेसीबी आला की पाच दिवस अंधार!

कोळीवाड्याच्या गल्ल्या एका माणसापुरत्या. दोन्ही बाजूंना जाळी पडलेली, वर दोरीवर बोंबील वाळत. मी सगळ्यांच्या पुढे निघाले होते, कारण सावकाश चालणाऱ्या माणसांच्या मागे चालणं मला जमत नाही, आणि वळणावर माझा पाय माशाच्या पाण्यावरून सटकला. बसले ती थेट ओल्या जाळ्यावर. मागून सगळे "अरे अरे" करत आले. समोरच्या ओट्यावरची बाई मात्र टोपलीतून मान वर काढून म्हणाली, "जाळा फाटला नाय ना?"

ती पार्वतीबाई. मग तिनेच मला हात दिला, पाणी दिलं आणि ओट्यावर जागा दिली. आम्ही कशाला आलो ते मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, हातातला कोयता चालूच.

"केबल माहीत हाय आम्हाला," ती म्हणाली. "आमच्या घोवाला सांगतात, हितं नांगर टाकू नको, तितं जाळा ओढू नको, खाली केबल हाय. आमचे दर्यातून जाते ना? मग आमचे गल्लीत रेंज का नाय? पोराला अभ्यासाला तिकडं बंदरावर जाऊन बसावं लागते."

निखिल नावाचा एक तरुण वकील आमच्यात होता. त्याने ते वहीत उतरवून घेतलं आणि तिला विचारलं, "मावशी, हे मी सांगू का पुढे?"

"सांग ना," पार्वतीबाई म्हणाली. "पर ओरडून सांग. हळू बोललेला दर्यावर ऐकू येत नाय."

दुपारी पुन्हा त्या गार हॉलमध्ये बसलो तेव्हा माझ्या साडीला बोंबलाचा वास येत होता. वकिलातीतल्या दोघी हळूच दोन खुर्च्या पलीकडे सरकल्या. मला बरं वाटलं, पाय पसरायला जागा झाली.

गिरगाव, गुरुवार

गुरुवारी खेळातल्या वाटाघाटी होत्या. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटल्या. मी वापरणाऱ्यांच्या बाजूला, निखिल सरकारच्या. शिवाय अंतिम मसुदा लिहायचं कामही मॅडमनी त्याच्याकडेच दिलं होतं. मुलगा गोड. गिरगावात पणजोबांपासूनचं घर, आजोबा सॉलिसिटरच्या कचेरीत, बाप वकील, हाही वकील. बोलणं इतकं मऊ की कापलेलं नंतर कळावं.

"शुभांगीताई, तुमचं वाक्य सरकारला गळ्याखाली उतरणार नाही," तो मला सबंध सकाळ सांगत होता. "तारखा सरसकट पुढे ढकलायच्या म्हणजे प्रवेशाचं सगळं वेळापत्रक कोलमडतं."

"मग नेट पडू देऊ नका," मी म्हटलं.

"ते सरकारच्या हातात नाही."

"मग मुलीच्या हातात आहे का रे?"

बोलता बोलता मी अहोजाहोवरून अरेतुरेवर आले होते, पण तो हसला फक्त. दुपारी आम्हा चौघांना तो त्याच्या नेहमीच्या खानावळीत घेऊन गेला. बिरड्याची उसळ, अळूचं फदफदं, गरम पोळ्या. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू, पण प्रत्येक पदार्थात गूळ. आमच्याकडे बिरड्याला खोबऱ्याचं वाटप लागतं. निखिलला ते सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, इथेही तडजोड करून टाकू. अर्धा गूळ, अर्धं खोबरं." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी पानावरून उठले आणि खाली फुटपाथवर येऊन उभी राहिले. समोर फुलवाल्याकडे गजरे मोजत बसले, उगाच. दीक्षाची गोष्ट मी त्यांच्यातल्या एकालाही सांगितली नव्हती. ती सांगायची तर 'उद्या ये' हे कोण म्हणालं तेही सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी सहाला मी लालबागला पोचले आणि फोन वाजला. शिबिराच्या ग्रुपवर निखिलने अंतिम मसुदा टाकला होता. मी उभ्या उभ्या खाली सरकवत गेले. माझं वाक्य सातव्या क्रमांकावर होतं. म्हणजे, त्याची जागा होती. तिथे आता लिहिलं होतं: "नेट खंडित झाल्यास संबंधित यंत्रणांनी शक्य तेथे मुदतवाढीचा विचार करावा."

शक्य तेथे. विचार करावा. हे शब्द मी रोज बघते. ज्या कागदावर ते असतात त्या कागदाचं पुढे काही होत नाही, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार?

मसुद्याखाली एक ओळ होती: "उद्या सकाळी दहापर्यंत हरकत न आल्यास मसुदा एकमताने मंजूर समजण्यात येईल." मॅडमनी दुपारी सांगितलं होतं की मुत्सद्दी लोकांत अशी पद्धत आहे. कागद फिरवायचा, वेळ द्यायचा, कुणी बोललं नाही तर झालं. मी ती ओळ वाचली. वाचली नाही असं नाही. पण असल्या ओळी आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर बारा महिने चिकटवलेल्या असतात, 'हरकती मागवण्यात येत आहेत' म्हणून. त्याला कधी कुणी हरकत दिलेली मी पाहिलेली नाही. आणि हरकत आली नाही म्हणून काम झालं, असंही मी पाहिलेलं नाही.

ग्रुपवर लोक अंगठे द्यायला लागले. एक, दोन, सात, बारा. "छान झालंय." "उत्तम शब्दांकन." माझ्या कानशिलांत गरम झालं. चार दिवस मी घसा कोरडा करून सांगतेय, मंगळवारी ह्याच लोकांनी माझ्या वाक्याला हॉल घुमवला, आणि आता अंगठे! ठीक आहे, म्हटलं. मी अंगठा देणार नाही. एक अक्षर लिहिणार नाही. बघू दे त्यांना माझं नाव नाही ते. उद्या विचारतील, शुभांगीताई, तुम्ही का गप्प? मग सांगेन.

"तुझा नाक लाल कित्याक झाला?" वन्संनी विचारलं.

मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

पुन्हा दादर, शुक्रवार

सकाळी वन्संना मसाला कुटायला टाकायचा होता. मी त्यांच्याबरोबर मसाला गल्लीत गेले, कारण घरात बसणं शक्य नव्हतं. मसाला कुटायचे डंख खाली आपटत होते, हवेत मिरचीची पूड, सगळी गल्ली शिंकत होती. वन्सं बेडगी आणि संकेश्वरी मिरची किती-किती घ्यायची ह्यावर दुकानदाराशी वाद घालत होत्या. मी फोन काढला. नऊ चाळीस. कुणी काही विचारलं नव्हतं. नऊ पन्नास. पुन्हा पाहिलं. वर चार दांड्या, नेट भरभरून. दहा वाजता मी फोन पिशवीत टाकला आणि वन्संची धण्याची पुडी धरली. माझ्या मनात भीती नव्हती. उलट माझा अबोला आता त्यांना दिसेल, आता बैठक अडेल, असंच वाटत होतं. मला सुखच वाटत होतं, खरं सांगते.

अकराला हॉलमध्ये शिरले तर टेबलावर पेढे. देवयानी मॅडम माईकवर होत्या. "अभिनंदन! मसुदा एकमताने मंजूर झाला, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी आपण तो दिल्लीला पाठवलासुद्धा."

मी दारातच थांबले. एकमताने? मी सरळ निखिलपाशी गेले.

"मी कुठे हो म्हटलं होतं?"

तो गोंधळला. "तुम्ही नाही म्हटलं नव्हतं, ताई."

"मी गप्प होते!"

"हो, म्हणून तर..." आणि मग त्याचा चेहरा उतरला. तो खरंच घाबरल्यासारखा झाला. "ताई, मी रात्रभर तुमची वाट बघत होतो. मी मुद्दाम खाली ओढून लिहिलं होतं. आमच्यात असंच करतात. मी खाली ओढायचं, तुम्ही वर ओढायचं, मग मधे कुठेतरी थांबायचं. तुम्ही एक ओळ लिहिली असती ना, 'मान्य नाही' एवढंच, तर मी तुमचं वाक्य जसंच्या तसं परत घालणार होतो. मंगळवारी सगळा हॉल तुमच्या बाजूने होता, मला नाही म्हणताच आलं नसतं. दहा वाजले तेव्हा वाटलं, तुम्हाला चाललं."

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं.

"मसुदा पाठवला तेच विचारणं होतं, ताई."

त्या मुलावर ओरडायला मी तोंड उघडलं, पण काय म्हणणार? चार दांड्या होत्या. केबल तुटली नव्हती. मुदत होती, ती मी वाचली होती, आणि मी पुडी धरून उभी होते. माझ्या टेबलासमोर येऊन रडणाऱ्या माणसांना मी आजवर शंभरदा सांगितलं असेल, बाबा, मुदत गेली, आता काही होत नाही. ते सांगताना मी त्यांच्याकडे बघतही नाही, दुसरा अर्ज उघडते.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी माझा हात धरला. "शुभांगीताई, मसुदा आता परत घेता येणार नाही. पण तुम्ही बोला. सगळ्यांसमोर बोला."

मी बोलले. पहिल्यांदाच सगळं सांगितलं. दीक्षा कोण, ती कुठल्या रांगेमागे उभी होती, मी तिला काय म्हटलं, आणि तिचे हात आता कसे दिसतात. आवाज फुटला, नाक पुसलं, पुन्हा बोलले. खाली बसले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वकिलातीतली एक बाई डोळे पुसत होती. त्या टाळ्यांचं मी काय करू? मसुद्यात 'शक्य तेथे' होतं आणि तो पोचला होता. निखिल म्हणाला तो वेगळं पत्र जोडून पाठवेल, आणि त्याने ते संध्याकाळी खरंच पाठवलं, मला प्रत दाखवली. वेगळं जोडलेलं पत्र कोण वाचतं, हे मला ठाऊक आहे. त्यालाही असावं, पण त्याने तसं म्हटलं नाही. त्याचा मला राग नाही. तो त्याच्या रीतीने वागला, आणि ती रीत लिहून दिलेली होती.

संध्याकाळभर मी चालत राहिले. दादरहून परळ, परळहून लालबाग, तिथे न थांबता पुढे शिवडीच्या बाजूला. गोदामं, ट्रक, त्यांच्यामागे चिखलाची खाडी. तिथून पुन्हा मागे. पायांत गोळे आले तेव्हा वन्संच्या जिन्यात बसले. त्यांनी वरून पाहिलं आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या चेष्टा करतील असं वाटलं होतं.

"मेले, एक अक्षर लिवचा होता," त्या एवढंच म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

घरी

गावी परतले ती रविवारी. लोकांनी विचारलं, कसं झालं शिबिर? मी गुणगुणण्याची गंमत सांगितली, जाळ्यावर कशी पडले ते सांगितलं. सगळे हसले. यजमानांना वाक्याचं सांगितलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच कळेना की ह्याचा अर्थ काय धरायचा.

रात्री पडल्या पडल्या एक गोष्ट मनात आली आणि मी उठून बसले. नेट परत आलं त्या दिवशी दीक्षा माझ्या दुकानात आली होती. स्क्रीनवर 'मुदत संपली' बघितलं, फाइल छातीशी धरली आणि गेली. मला एक शब्द बोलली नाही. त्यानंतर वर्षभरात नाही. आणि मी घरी येऊन यजमानांना म्हटलं होतं, पोर समजूतदार आहे हो, तिने काही मनात ठेवलं नाही. तिने हरकत घेतली नव्हती, म्हणून मी मंजूर धरलं होतं. मी, जिच्या अबोल्याचा अर्थ मांजरालाही कळावा असा माझा हट्ट!

सोमवारी सहाला मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. दीक्षा फॅक्टरीतून येत होती. मी तिला हाक मारली. ती थांबली, पण पायरी चढली नाही.

"दीक्षा, त्या दिवशी तुला मी उद्या ये म्हटलं. तू मला काही बोलली नाहीस."

ती गप्प.

"तुझं काय ते सांग," मी म्हटलं.

ती गप्पच. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मला घाई नव्हती, दुकानात म्हातारे थांबले होते तरी.

"राग आहे काकी," ती म्हणाली. "त्या रांगेतल्या सगळ्यांचं काम पुढच्या आठवड्यातही झालं असतं. मुदत फक्त माझ्याच अर्जाला होती. हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं," मी म्हटलं.

ती तिथेच उभी राहिली. मी आतल्या म्हाताऱ्यांना सांगितलं, आज उद्यावर जायचं ते तुमचं काम, आणि ह्या वर्षीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचं पान उघडून तिच्यासाठी खुर्ची ओढली.